बॉबिन बदलेपर्यंत

शकूमावशींना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांची आठवण निघाली की मी त्यांच्या घावनांबद्दल सांगते, तिखट जिभेबद्दल सांगते, ऐकणारे हसतात आणि विषय संपतो. खरी गोष्ट मी कोणाला सांगत नाही. खरी गोष्ट ही की त्या बाईचं शिवणकाम माझ्यामुळे बंद पडलं. मी त्यांच्याशी भांडले नाही, वाईटसाईट बोलले नाही. एक थाप मारली, साधी, आपण रोज मारतो तसली, आणि ती थाप होती हे कबूल करायला दोन वर्षं लावली. तेवढ्यात त्यांची मशीन गेली.

तर शकूमावशी. पूर्ण नाव शकुंतला गोठणकर. माहेर आणि सासर दोन्ही संगमेश्वरकडचं, आणि आंबिवलीत येऊन चाळीस वर्षं झाली तरी बोलण्यातला 'गो' काही सुटला नव्हता. आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर पहिलंच दार त्यांचं. यजमान लवकर गेले, मुलगा महेश ठाण्याला नोकरीला. मावशी जुन्या साड्यांच्या गोधड्या मशीनवर शिवून द्यायच्या. पायाची काळी मशीन, खिडकीपाशी. त्यांच्यापुढे कोणी हाताने घातलेल्या गोधडीचं कौतुक केलं की त्या चिडायच्या. "हाताने घाला नाहीतर मशीनवर घाला, ऊब साडीची असते. टाक्याचं काम फक्त धरून ठेवायचं."

माझी आणि त्यांची पहिली चकमक बोहारणीवरून झाली. सासूबाई जाऊन सहा महिने झालेले, मी कपाट आवरायला काढलेलं, आणि त्यांच्या आठ सुती साड्या देऊन एक स्टीलचा डबा घेतला. चांगला मोठा डबा, पाच किलो पीठ राहील असा. मी खूश. पाच मिनिटांनी बेल वाजली. दारात शकूमावशी, त्यांच्या काखेत बोहारणीचं गाठोडं, आणि मागे बिचारी बोहारीण.

"डबा आण," मावशी म्हणाल्या.

"कसला डबा?"

"हिचा. ह्या सुशीलाबाईंच्या साड्या आहेत. ही हिरवी त्या गुरुवारी नेसायच्या. माणूस गेलं म्हणून साड्याही घालवायच्या काय गो?"

मला असला राग आला! सगळा जिना दारं किलकिली करून बघत होता. "मावशी, आमच्या घरचं आम्ही बघू," असं मी म्हणालेसुद्धा. त्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही. शेवटी बोहारीणच कंटाळली, "घ्या ताई तुमच्या साड्या, मला नको ही कटकट," म्हणाली आणि डबा घेऊन निघून गेली. मी आठ दिवस मावशींशी बोलले नाही. नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, त्यांनी जिन्यातूनच हाक मारली, "वैशाली, धरायला ये!"

धरायला म्हणजे गोधडी धरायला. पाच-सहा साड्यांचे थर म्हणजे वजन काही कमी नसतं. ते सुईखालून सरळ जायचं तर मशीनच्या पलीकडे कोणीतरी बसून भार मांडीवर घ्यावा लागतो, नाहीतर गोधडी खाली ओढते आणि ओळ वाकडी जाते. मावशींचा नियमच होता, ज्याची गोधडी त्याच्या घरचं माणूस धरायला आलं पाहिजे. धरणाऱ्याचं आणखी एक काम असे. पुढे सरकत आलेली गोधडी मधूनमधून उलटायची आणि खालची टीप नीट बसलीय का ते बघायचं. मला वाटायचं हे आपलं उगाच, बसल्या बसल्या कंटाळा येऊ नये म्हणून दिलेलं काम.

मशीनला दोन दोरे लागतात. एक वर, रिळाचा, तो सगळ्यांना दिसतो. दुसरा खाली डबीत, बॉबिनवर गुंडाळलेला. हा खालचा दोरा संपला तरी मशीन थांबत नाही. सुई खालीवर होत राहते, कापडाला भोकं पडत राहतात, वर दोरा पडलेला दिसतो, आणि खाली टाका बसलेलाच नसतो. टाके घालणाऱ्या कितीतरी बायकांना हे पूर्ण ओळ संपल्यावर कळतं, मग कपाळावर हात. मावशींना ते आधी कळायचं. मशीन चालू असताना त्या रेडिओ लावू द्यायच्या नाहीत, बोलू द्यायच्या नाहीत, मान तिरकी करून नुसत्या ऐकत बसायच्या. मध्येच पाय थांबवायच्या आणि म्हणायच्या, "संपली." डबी काढून दाखवायच्या, बॉबिनवर खरंच दोन-तीन वेढे उरलेले असायचे.

"कसं कळतं हो?" मी पहिल्यांदा विचारलं.

"हलकी झाली की खुळखुळते. तू ऐकत नाहीस, तू नुसती बघतेस."

एका बॉबिनमध्ये पंधरा-सोळा ओळी निघत. म्हणजे अख्ख्या गोधडीला पाच-सहा बॉबिन. त्या सगळ्या मावशी सकाळीच भरून मसाल्याच्या डब्यात ठेवायच्या, फोडणीचा गोल डबा असतो ना तोच, सात वाट्यांचा. मोहरीच्या जागी पांढऱ्या, हळदीच्या जागी पिवळ्या, जिऱ्याच्या जागी चॉकलेटी. आणि बोलायचं ते फक्त बॉबिन बदलताना. रिकामी काढायची, भरलेली घालायची, दोरा वर ओढायचा, चष्मा पुसायचा, पाण्याचा घोट घ्यायचा, एवढ्या वेळात जे काय सांगायचं ते. त्यामुळे त्यांच्या सगळ्या गोष्टी तुकड्यातुकड्याने यायच्या.

त्यांच्या लग्नाची गोष्ट मला सासूबाईंच्या गोधडीवर ऐकायला मिळाली. पहिल्या बॉबिनला कळलं की बघायला आलेल्या लोकांनी यांना शिवणाची परीक्षा द्यायला लावली. मुलाच्याच सदऱ्याचा खिसा एका बाजूने फाटलेला, तो म्हणे शिवून दाखव. मशीन सुरू. मी पंधरा ओळी गप्प. दुसऱ्या बॉबिनला कळलं की मुलगा समोर बनियनवर बसलेला, त्यामुळे यांना वर बघायची सोय नव्हती. परत मशीन. तिसऱ्याला कळलं की घाबरून यांनी खिशाच्या बाजूऐवजी खिशाचं तोंडच शिवून टाकलं.

"अगं बाई! मग?"

"मग काय, दिला सदरा. त्यांनी घातला, गेले." दोरा वर आला आणि मशीन सुरू झाली.

मी पंधरा ओळी तळमळत बसले. चौथ्या बॉबिनला त्या म्हणाल्या, "एसटीत तिकीट खिशात घालायला गेले तर जाईना. घरी जाऊन आईला म्हणाले, हीच करायची." आणि हसता हसता त्यांच्या हातातली बॉबिनच खाली पडली, मशीनखाली गडगडत गेली, ती मी सरपटत जाऊन काढली. गोठणकरकाकांचा फोटो भिंतीवर होता. माणूस गंभीर दिसायचा. त्या दिवसापासून मला तो गंभीर वाटेनासा झाला.

गिऱ्हाइकांशी त्या कशा बोलायच्या हे तर बघण्यासारखं होतं. एकदा डोंबिवलीहून एक बाई रिक्षा करून आल्या, चकचकीत पिशवी घेऊन. पिशवीत जॉर्जेट, शिफॉन, एक टिकल्यांची साडी. मावशींनी एकेक साडी बोटांत चुरगळून बघितली आणि परत घडी करून ठेवली.

"ही पांघरून झोपलात तर अर्ध्या रात्री सरकून पलंगाखाली जाईल. सुती आणा. नेसून नेसून मऊ झालेली."

"अहो, पण सुती जुन्या दिसतात."

"जुन्या साडीचीच गोधडी करतात बाई. नवीन दिसायला हवी असेल तर दुकानातून ब्लँकेट आणा." त्या बाई तणतणत गेल्या. महिन्याने आईच्या साड्या घेऊन परत आल्या, आणि धरायला बसल्यावर दुसऱ्याच बॉबिनला रडायला लागल्या. मावशी मशीन सुरू करायच्या थांबल्या. नवीन बॉबिन घालून तयार होती, पण बाईंचं रडून होईपर्यंत त्या बॉबिन बदलतच राहिल्या. काढ, बघ, परत घाल. मला तेव्हा त्यांचं फार आवडलं.

आणि साडी हातात घेतली की आधी चौकशी. कोणाची? कुठे नेसायची? बसायची कुठे? सगळ्यात विरलेली साडी त्या वर न लावता आत, मधल्या थरात घालायच्या, कारण ती सगळ्यात मऊ. "दिसायचं काम चांगलीने करावं," म्हणायच्या, "हिने पुष्कळ केलंय."

पंधरा वर्षं हे असं चाललं. मधल्या काळात मी कल्याणला एका शाळेच्या ऑफिसात लागले, माझं धरायला जाणं कमी झालं. मग हळूहळू मावशींमध्ये काही काही बदल दिसायला लागले, पण मी ते भलत्याच खात्यावर टाकले. बेल वाजवली तर दार लवकर उघडेनात. मला वाटलं, गुडघे. टीव्ही एवढा मोठा की मधल्या मजल्यावर मालिका ऐकू यायची. मला वाटलं, एकट्या असतात, सोबत हवी. आपण काही सांगितलं तर "हं" म्हणून हसायच्या, आणि उत्तर भलतंच. मसाल्याच्या डब्यात अर्ध्यामुर्ध्या बॉबिन साचलेल्या दिसायच्या. एवढ्या काटकसरी बाईने दोरा संपायच्या आधीच बॉबिन काढायला कधीपासून सुरुवात केली, हा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला. आपण दुसऱ्याकडे बघतो ते असं, येताजाता.

त्याच सुमारास माझी आई गेली. डोंबिवलीला भावाकडे असायची. तिच्या सात साड्या मी आणल्या आणि तडक मावशींकडे नेल्या. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, निळी साडी काढली, गालाला लावली. "ही बसून स्वयंपाक करायची काय गो? मागचा भाग विरलाय बघ." मला हुंदका आला. खरंच, आईला शेवटी उभं राहवत नसे, ती पाटावर बसूनच पोळ्या करायची. मावशी म्हणाल्या, "रविवारी ये धरायला. तूच ये हां. दुसऱ्या कोणाला पाठवू नको."

मी गेले. गोधडी मांडीवर घेऊन बसले, आणि गोधडीवर फोन ठेवला. जूनचे दिवस, शाळेत प्रवेशांची गडबड, मुख्याध्यापिका बाईंचे मेसेजवर मेसेज. याद्या पाठवा, ही यादी चुकली, ती परत पाठवा. मी एका हाताने गोधडी सरकवत होते, एका हाताने टाइप करत होते. पहिली बॉबिन बदलताना मावशींनी विचारलं, "आई निळी कधी नेसायची?" मी म्हटलं, "हं? रोजच." दुसऱ्या बॉबिनला त्यांनी काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "खालून बघतेस ना?"

"हो हो."

तिसऱ्याला परत, "बघतेस ना गो?"

"बघतेय मावशी, तुम्ही चालवा."

एकदाही बघितलं नव्हतं मी. एकदाही नाही.

शेवटची कड झाली तसं त्यांनी गोधडी ओढून घ्यायला हात पुढे केला. झालेली गोधडी जमिनीवर उलटी पसरायची, गुडघ्यांवर बसून तिच्यावरून तळहात फिरवायचा, ही त्यांची पद्धत. पण माझ्याकडे जेवायला पाहुणे यायचे होते, साडेअकरा वाजलेले. मी गोधडीची घडी घालतच उठले. "बघितली मी सगळी. मस्त झालीय. एक नंबर!" मावशींनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि हात मागे घेतला. "तू बघितलीस ना? मग झालं."

दिवाळीनंतर मी गोधडी पहिल्यांदा धुतली. गॅलरीत वाळत घालताना एक दोरा लोंबताना दिसला, म्हणून ओढला, तर तो येतच राहिला. डोक्यापासून पायापर्यंतची अख्खी ओळ हातात आली. खाली नुसती भोकं. शेजारची ओळ तशीच. एके ठिकाणी चार आणि दुसऱ्या ठिकाणी चार, अशा आठ ओळी निव्वळ सुईने मारलेल्या, खालच्या दोऱ्याशिवाय. काय झालंय ते कळलंच, आणि ते होत असताना मी कुठे बघत होते तेही आठवलं.

नवरा म्हणाला, "खाली जाऊन सांग ना, त्या परत मारून देतील."

"त्यांना वाईट वाटेल," मी म्हटलं.

"मग वाटू दे की थोडं."

"तुला काय कळतंय त्यातलं!" मी त्याच्यावरच ओरडले. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी गप्प बसले, असं मी स्वतःला बरेच दिवस पटवलं. खोटं. त्या विचारतील, 'तू तर बघितलेलीस ना?' आणि मला खाली मान घालावी लागेल, याची मला भीती होती. मी गोधडी कल्याणला नेली. शाळेजवळच्या टेलरकडे मोटरची मशीन होती, त्याने दहा मिनिटांत आठही ओळींवर टीप मारून दिली. गोधडी पलंगावर आली. मी सुटले.

जानेवारीत एका सकाळी मावशी विरजण मागायला वर आल्या. मी दही काढून आणेपर्यंत त्या पलंगावर टेकल्या. बाहेर आले तर त्यांचा तळहात गोधडीवरून फिरत होता, आणि एका जागी थांबला होता.

"ह्या ओळी माझ्या नाहीत."

"असं कसं मावशी? तुमच्याच तर."

"माझी टीप मला कळणार नाही? ही बारीक आहे, मोटरची." त्यांनी गोधडी उचलून खिडकीशी धरली. "आणि ही बघ बाजूला जुनी भोकं. बॉबिन रिकामी गेलीय. इथे एकदा, इथे एकदा." त्या परत पलंगावर बसल्या. मी विरजणाची वाटी धरून उभी.

मग म्हणाल्या, "मला खुळखुळ ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. कोणाला बोलले नाही, महेशलाही नाही. दहा ओळी मोजते आणि बॉबिन बदलते. म्हणजे रिकामी व्हायचा प्रश्नच नको. अर्धी उरलेली वेगळ्या वाटीत टाकते. त्यातलीच एखाददुसरी चुकून भरलेल्यांत गेली असणार. हिशोब दहाचा आणि दोरा सहाचा. म्हणून तर म्हटलं, तूच ये धरायला. म्हटलं, मला ऐकू नाही आलं तरी वैशालीला दिसेल." माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तू तर खालून बघितलेलीस ना?"

ती वेळ होती. दोन वाक्यांचं काम होतं. मावशी, मी फोन बघत होते. मावशी, चूक माझी. त्यांनी मला चांगलं फैलावर घेतलं असतं, बोहारणीच्या वेळी घेतलं तसं, आणि चहा मागितला असता.

मी म्हटलं, "हो, बघितलेली. नसेल आलं लक्षात."

"तुला तर अजून चाळिशीही लागली नाही," त्या हळू म्हणाल्या. "तुला दिसलं नाही, तर मला काय दिसणार." विरजण न घेताच गेल्या.

पुढच्या आठवड्यात मावशींनी पिशवीत सुई-दोरा आणि चष्मा टाकला आणि गेल्या दोन वर्षांत शिवलेली एकेक गोधडी बघायला निघाल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या देशमुखबाई, समोरच्या बिल्डिंगमधल्या दोघी, शेजारच्या मोहन्यातल्या तिघी, डोंबिवलीच्या त्या रडणाऱ्या बाईसुद्धा. बसने गेल्या म्हणे, एकट्या. दार उघडलं की म्हणायच्या, "गोधडी दाखवा." जमिनीवर उलटी पसरायच्या, गुडघ्यावर बसायच्या, तळहात फिरवायच्या. अकरा गोधड्या बघितल्या. एकीतही एक ओळ रिकामी नव्हती. देशमुखबाईंनी मला जिन्यात सांगितलं तेव्हा मी आनंदाने धावतच खाली गेले.

"बघा मावशी! सगळ्या बरोबर आहेत. मी म्हणत नव्हते?"

मावशी मशीनवर कव्हर घालत होत्या. मला हे मोठ्याने दोनदा सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, "आज बरोबर दिसल्या. तुझीही तेव्हा बरोबर दिसलेली."

त्यांचा हिशोब अगदी सरळ होता. वैशालीने डोळ्यांनी बघितली, तरी रिकाम्या ओळी निसटल्या. म्हणजे बघून भागत नाही. ऐकू येत नाही, बघून भागत नाही, मग लोकांच्या आयांच्या साड्यांना भोकं पाडत कशाला बसायचं? ह्या हिशोबात एकच आकडा खोटा होता आणि तो मी दिलेला होता. मी तो त्याही दिवशी मागे घेतला नाही. "काहीतरीच काय मावशी," एवढं म्हणून वर आले.

होळीच्या आधी त्यांनी मशीन मोहन्यातल्या एका नव्याने शिवण शिकलेल्या मुलीला देऊन टाकली. डबाही दिला, सगळ्या बॉबिनसकट. टेम्पोत चढवताना एका बाजूने मीच धरलेली मशीन. मावशी दारात उभं राहून "चाक सांभाळ, चाक सांभाळ" करत होत्या. टेम्पोवाल्याला थांबवायचं आणि सांगून टाकायचं, एवढंच. पण तोपर्यंत त्या थापेला आठ महिने झाले होते. जितके दिवस जातात तितकं ते जड होत जातं, आणि माणूस म्हणतो, आता राहू दे.

मे महिन्यात महेशने त्यांना ठाण्यात कोलशेतला नेलं, आपल्या टॉवरमध्ये. चौदावा मजला, खाली बाग, सगळं चांगलं. सूनही चांगली, उगाच नावं कशाला ठेवा. मी तीन-चार महिन्यांनी एकदा जायचे. महेशने कानाचं मशीन आणून दिलेलं, ते खणात. "त्यात फ्रिज ऐकू येतो, माणसं नाही," असं म्हणायच्या. दर वेळी मी ठरवून जायचे की आज सांगायचं, आणि दर वेळी चिवडा खाऊन परत यायचे. मावशी हॉलमध्ये खुर्चीवर बसलेल्या असायच्या, हात मांडीवर. ते हात तसे नुसते पडलेले मी पंधरा वर्षांत कधी बघितले नव्हते.

शेवटी सांगितलं, ते गेल्या वर्षी. आईचं त्या वर्षीचं श्राद्ध झालेलं, मन कशातच लागत नव्हतं, तशीच उठून कोलशेतला गेले. त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "मावशी, माझ्या आईच्या गोधडीचं सांगायचंय."

"काय?"

"गोधडी! आईची! मी खालून बघितली नव्हती!"

"काय म्हणतेस?"

असली गोष्ट कोणी ओरडून सांगतं का? पण तिसऱ्यांदा मी अक्षरशः किंचाळले, "मी बघितलीच नव्हती मावशी! फोन बघत होते! खोटं बोलले मी!" सून स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि परत आत गेली.

मावशींना ते ऐकू गेलं. माझ्याकडे बघत राहिल्या. मी वाट बघत होते, आता फाडफाड बोलतील. देवा, बोलू दे एकदा.

"म्हणजे," त्यांनी विचारलं, "बघितलं असतंस तर दिसलं असतं?"

"हो."

"सहज?"

"सहज. कोणालाही दिसलं असतं."

"मला पण?"

मी मान डोलावली.

त्यांनी मांडीवरचे हात उलटे केले, तळवे बघितले, परत पालथे केले. "मग तेव्हा सांगायचं होतंस गो," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं. "मी मशीन दिली नसती."

मी त्यांचे हात धरून रडले. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, सुनेला चहा टाकायला सांगितलं, माझ्या शाळेची चौकशी केली. त्या विषयावर परत एक अक्षर नाही. निघाले तेव्हा लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. मी बटण दाबलं. मावशी माझ्या कुर्त्याकडे बघत होत्या. खाली वाकल्या, मागची दुमड चिमटीत धरली, अंगठा फिरवला.

"शिवण सुटलीय इथे."

दार उघडंच होतं, आत खणात सुई-दोरा असणारच. त्यांनी मागे वळून तिकडे बघितलंही. मग चिमूट सोडून दिली आणि सरळ उभ्या राहिल्या.

"घरी जाऊन घालून घे कोणाकडून तरी."

"तुम्हीच घाला ना मावशी," मी म्हटलं. म्हटलं ते साध्या आवाजात, पुटपुटल्यासारखं. त्यांना ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं. परत म्हणायला हवं होतं, मघाशी ओरडले होते तसं ओरडून. लिफ्ट आली, आतल्या माणसाने माझ्यासाठी दार धरून ठेवलं, आणि मी आत शिरले.